फिल्टर की फॅशन?

नवी गाडी दारात आली की पहिल्या महिन्यात आपण काय करतो? सीट कव्हर, परफ्यूम, मागच्या काचेवर एखादं स्टिकर. संपलं. पिकअप घेणाऱ्यांची जमात मात्र जरा वेगळीच. त्यांना बॉनेट उघडून आत ‘काहीतरी’ करायचंच असतं. आणि त्या ‘काहीतरी’च्या यादीत सगळ्यात वर असतो एअर फिल्टर. पाच मिनिटांत बसतो, खिसा फार फाटत नाही आणि मित्रांना बॉनेट उघडून दाखवता येतो!

माझा मावसभाऊ याच जमातीतला. हिंजवडीत आयटीत आहे. सोमवार ते शुक्रवार एसीत आणि शनिवार-रविवार मातीत, असा त्याचा फंडा. त्याने सेकंडहँड इसुझु व्ही-क्रॉस घेतलीय. बीएस-सिक्सवाली, १.९ लिटर डिझेल, १६३ पीएस. वॉरंटी अजून शिल्लक आहे. आता त्याला हवाय तेल लावलेला कॉटनचा फिल्टर, धुऊन पुन्हा पुन्हा वापरता येणारा. “पॉवर वाढते, अ‍ॅव्हरेज वाढतं आणि आयुष्यात परत फिल्टर घ्यायला नको,” हा त्याचा युक्तिवाद.

एवढ्यावर थांबला असता तर मी गप्प बसले असते. हौसेला मोल नाही. पण पठ्ठ्याने काकांच्या बोलेरो पिकअपसाठीही तसलाच एक घ्यायचं ठरवलं. काका नारायणगावच्या मार्केटला टोमॅटो पोचवतात. ती एकच गाडी आणि तिच्यावरच सगळं घर चालतं. सीझनमध्ये ती चार दिवस गॅरेजला लागली तर टोमॅटो थांबत नाहीत, सडतात. म्हटलं, हे जरा नीट बघायलाच हवं. मग नाना पेठेतल्या स्पेअर पार्टच्या दुकानांत दोन दुपारी घालवल्या, एका जुन्या डिझेल मेकॅनिकचं डोकं खाल्लं आणि थोडं वाचलंही.

आधी साधं गणित. १.९ लिटरचं फोर-स्ट्रोक इंजिन २००० आरपीएमला फिरत असेल तर टर्बोचा हिशोब न धरताही मिनिटाला साधारण १९०० लिटर हवा ओढतं. म्हणजे सोसायटीच्या गच्चीवरच्या हजार लिटरच्या जवळजवळ दोन टाक्या, दर मिनिटाला! टर्बो हवा दाबून भरतो, त्यामुळे खरा आकडा याहून मोठा. आणि ही हवा कुठली? खडीच्या ट्रकमागची, कच्च्या रस्त्यावरची, शेताच्या बांधावरची. त्यातल्या मातीत सिलिका असते. ती आत गेली की पिस्टन रिंग आणि लायनर पॉलिश पेपरसारखे घासले जातात. टर्बोचं पातं तर मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतं. त्या वेगाला बारीक धूळसुद्धा त्याच्या कडा खाते. इंजिन एका दिवसात बसत नाही. आधी ऑइल प्यायला लागतं, मग धूर, मग दम जातो. तोवर फिल्टर बदलल्याचं कुणाच्या लक्षातही नसतं.

आता पॉवरचं. डिझेल इंजिनात ताकद मुख्यतः ठरते ती डिझेल किती फवारलं यावर, आणि तो हिशोब गाडीचा कॉम्प्युटर ठेवतो. कंपनीचा फिल्टर स्वच्छ असेल तर इंजिनाला लागते तेवढी हवा मिळतच असते. जास्त मोकळा फिल्टर लावलात तर आवाज मस्त येतो, टर्बोची शिट्टी ऐकू येते आणि गाडी पळतेय असं वाटतं. कान खूश, स्पीडोमीटर जिथल्या तिथे! उघडा कोन-टाइप फिल्टर बॉनेटखाली बसवला तर उलट तोटाच. तो इंजिनाशेजारची तापलेली हवा ओढतो आणि गरम हवेत ऑक्सिजन कमी भरतो.

अ‍ॅव्हरेजचं म्हणाल, तर अमेरिकेतल्या ओक रिज नॅशनल लॅबोरेटरीने २००९ मध्ये फ्युएल-इंजेक्शनच्या पेट्रोल गाड्यांवर चाचण्या केल्या. फिल्टर चोंदलेला असतानाही अ‍ॅव्हरेजमध्ये लक्षात येण्याजोगा फरक पडला नाही, फक्त पिकअप मंदावला. त्या चाचण्या पेट्रोलच्या होत्या हे मान्य. पण घाणेरडा फिल्टर काढूनही जिथे अ‍ॅव्हरेज हलत नाही, तिथे चांगला फिल्टर काढून दुसरा बसवल्यावर चमत्कार होईल, ही आशा जरा जास्तच नाही का?

मग फरक कशात? गाळण्यात. चहाची गाळणी आठवा. जाळी मोठी असली की चहा भराभर कपात पडतो, पण पावडरही पडते. घड्यांचा पेपर फिल्टर बारीक गाळतो. गंमत म्हणजे थोडा मळला की आणखी बारीक गाळतो, कारण अडकलेली धूळच नव्या धुळीला अडवते. कॉटनच्या फिल्टरची जाळी मोकळी असते आणि धूळ पकडायचं बरंचसं काम तेल करतं. तेल कमी पडलं तर धूळ आत. जास्त झालं तर तेलाचा अंश उडून हवा मोजणाऱ्या सेन्सरवर बसू शकतो, आणि मग डॅशबोर्डवर पिवळा दिवा. म्हणजे हा फिल्टर वाईट नाही, पण त्याला धुणारा हात शिस्तीचा हवा. धुवा, सावलीत पूर्ण वाळवा, मोजून तेल लावा, मुरू द्या, मगच बसवा. तोवर गाडी उभी. शिवाय तिसरा पर्याय आहेच, बिनतेलाचा सिंथेटिक. सेन्सरची भानगड नाही, पण गाळतो किती हे इथेही विचारावंच लागतं.

‘९९ टक्के धूळ अडवतो’ हे खोक्यावर वाचून मान डोलावू नका. १०० ग्रॅम धुळीतून ९९ टक्क्यांचा फिल्टर १ ग्रॅम आत सोडतो, ९९.८ टक्क्यांचा ०.२ ग्रॅम. कागदावर फरक पॉइंट आठचा, इंजिनात पाचपट! म्हणून आयएसओ ५०११ या चाचणीचे आकडे मागा. फिल्टर किती गाळतो, किती धूळ पोटात ठेवतो आणि हवेला किती अडवतो, हे तिन्ही त्यात मोजतात.

हे सगळं काकांना फोनवर सांगायला लागले, तर त्यांनी मधेच थांबवून एकच विचारलं, “ते पॉवरचं राहू दे गं. धूळ किती अडवतो?” दोन दुपारींत एकाही काउंटरवर मला या प्रश्नाचं उत्तर मिळालं नव्हतं. चमकदार लाल फिल्टर मात्र सगळ्यांकडे होते.

काकांच्या गाडीत आता पेपर फिल्टरच राहणार आहे, चांगल्या कंपनीचा, बिलासकट. भाऊ अजून रुसलाय. पण वॉरंटीचं पुस्तक उघडून बाहेरच्या पार्टबद्दलचं कलम मी त्याला मोठ्याने वाचून दाखवलंय!

तुम्हीही या वाटेवर असाल तर एवढं करा:

- पेपर फिल्टर हवेच्या प्रेशरने झोडपू नका. बारीक चीर डोळ्यांना दिसत नाही, धुळीला दिसते.
- मातीत गाडी फिरत असेल तर मॅन्युअलमधल्या किलोमीटरची वाट बघू नका, आधीच तपासा.
- कडेचं रबर बॉक्समध्ये घट्ट बसतंय ना, ते बघा. महागडा फिल्टर आणि कडेला फट, म्हणजे कुलूप लावून खिडकी उघडी.
- फिल्टरच्या पुढच्या, इंजिनाकडच्या पाइपमध्ये पांढरं फडकं फिरवा. धूळ लागली तर ब्रँड कुठलाही असो, काहीतरी चुकतंय.
- डुप्लिकेट मालापासून सावध. बिल मागितल्यावर दुकानदाराचा चेहरा पडला, तर तिथून निघा.

आवाजाची हौस असेल तर म्युझिक सिस्टिम घ्या. इंजिनाला फक्त स्वच्छ श्वास हवाय!