विश्लेषण : कार्यालयाच्या इंटरनेटवरचा तुमचा खासगी वापर मालकाला दिसतो का?

वेल्हे (आता राजगड) तालुक्यातल्या विंझरसारख्या गावातून नसरापूरमार्गे महामार्ग गाठायचा आणि शिरवळच्या कारखान्यात किंवा पुण्यातल्या कार्यालयात कामाला जायचे, हा अनेक तरुणांचा दिनक्रम. करोनानंतर त्यात घरून कामाची भर पडली. कंपनीचा लॅपटॉप घरी आला की तो घरातलाच होतो. रात्री त्यावर मुले गृहपाठाचे व्हिडीओ पाहतात, कुणी वीजबिल भरते, कुणी बँकेचे खाते उघडते. हे सगळे कंपनीला दिसते का? आणि दिसत असेल, तर कायद्याला ते चालते का?

मालकाला नेमके काय दिसते?

उपकरण कुणाचे, यावर ते अवलंबून आहे. मोबाइल स्वतःचा आणि वाय-फाय कार्यालयाचे असेल, तर कोणती संकेतस्थळे उघडली, किती वेळ आणि किती डेटा वापरला, हे साधारणपणे कळू शकते. संकेतस्थळाचा पत्ता ‘एचटीटीपीएस’ने सुरू होत असेल तर त्यावर काय वाचले वा लिहिले, ते केवळ वाय-फायवरून दिसत नाही. व्हॉट्सअॅपचे संदेशही वाचता येत नाहीत.

लॅपटॉप कंपनीचा असेल तर चित्र बदलते. त्यात देखरेखीची प्रणाली बसवलेली असू शकते. ती पडद्याची छायाचित्रे घेऊ शकते, दाबलेली प्रत्येक कळ नोंदवू शकते. तिथे उघडलेले व्हॉट्सअॅप वेबही त्यातून सुटत नाही. घरचे वाय-फाय वापरले तरी फरक पडत नाही, कारण नोंद लॅपटॉपमध्येच होते. ब्राउझरचा ‘इन्कॉग्निटो’ पर्याय फक्त त्या यंत्रावरचा इतिहास ठेवत नाही. कंपनीपासून काही लपवत नाही.

भारतातला कायदा काय म्हणतो?

‘कामाच्या ठिकाणी पाळत’ या विषयावर भारतात स्वतंत्र कायदा नाही. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निकाल दिला. त्याचा थेट आधार सरकारी कर्मचाऱ्याला अधिक मिळतो. खासगी नोकरीत प्रश्न येतो तो नेमणूकपत्राचा आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याचा.

या कायद्याच्या कलम ४३ नुसार मालकाच्या परवानगीवाचून कुणाच्याही संगणकात शिरता येत नाही. अप्रामाणिकपणे तसे केल्यास कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. म्हणजे साहेबाने कर्मचाऱ्याचा स्वतःचा मोबाइल परस्पर उघडणे कायद्यात बसत नाही. पण लॅपटॉपची मालक कंपनीच असल्याने तिथे हे कलम कर्मचाऱ्याच्या फारसे कामाला येत नाही. २०११ च्या नियमांनी पासवर्ड, बँक तपशील, आरोग्य आणि बोटांच्या ठशांसारखी माहिती ‘संवेदनशील’ ठरवली असून ती गोळा करण्यास लेखी संमती आवश्यक केली आहे. प्रत्येक कळ नोंदवणाऱ्या प्रणालीत बँकेचा पासवर्डही येतो, हे इथे लक्षात घ्यायला हवे.

नव्या डेटा संरक्षण कायद्याने काय बदलेल?

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये मंजूर झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि मुख्य तरतुदींसाठी १८ महिन्यांची मुदत ठेवण्यात आली. या कायद्याचा पाया संमती हा आहे. मात्र कलम ७ मध्ये नोकरीसाठी अपवाद आहे. नोकरीच्या कारणासाठी, तसेच व्यवसायातील गुपिते फुटू नयेत किंवा कंपनीचे नुकसान होऊ नये म्हणून कर्मचाऱ्याचा डेटा संमतीविना वापरता येतो.

खरी अडचण पुढे आहे. आधी सूचना देण्याचे बंधन आणि ‘माझी कोणती माहिती तुमच्याकडे आहे’ हे विचारण्याचा हक्क, दोन्ही या कायद्यात संमतीशी जोडलेले आहेत. संमतीच घ्यावी लागत नसेल, तर हे दोन्ही कर्मचाऱ्याच्या हातून निसटतात. माहिती सुरक्षित ठेवण्याची जबाबदारी मात्र मालकावर राहते; त्यात कसूर झाल्यास दंड २५० कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो.

इतर देशांत काय आहे?

रुमानियातील बर्बुलेस्कू या कर्मचाऱ्याने कार्यालयाच्या याहू मेसेंजरवर खासगी संदेश पाठवले म्हणून २००७ मध्ये त्याला कामावरून काढण्यात आले. ५ सप्टेंबर २०१७ रोजी युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला. पाळतीवर सरसकट बंदी आली नाही. मात्र आधी सांगितले होते का, कारण सबळ होते का, कमी त्रासाचा मार्ग होता का, हे तपासावे लागेल, असे न्यायालयाने म्हटले. न्यूयॉर्क राज्यात मे २०२२ पासून नोकरीवर घेतानाच देखरेखीची लेखी सूचना देणे मालकांना बंधनकारक आहे.

सरकारी नोकरीत वेगळे आहे का?

महाराष्ट्र सरकारने जुलै २०२५ मध्ये कर्मचाऱ्यांच्या समाजमाध्यम वापरासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. खासगी आणि कार्यालयीन खाती वेगळी ठेवावीत, असे त्यात आहे. पण हा वेगळेपणा सरकारनेही पाळायला हवा. नागपूर महापालिकेने सफाई कामगारांच्या मनगटावर जीपीएस घड्याळे बांधली. राज्यातील अंगणवाडी सेविकांनी २०२१ मध्ये निकृष्ट ठरलेले सरकारी मोबाइल परत केले, तेव्हा कामाचे अॅप कुणाच्या फोनवर चालवायचे हा प्रश्न ऐरणीवर आला. स्वतःच्या मोबाइलवर कार्यालयाचे अॅप आले की त्याला स्थान, कॅमेरा, फोटो यांची परवानगी द्यावी लागते. ड्युटी संपली तरी फोन खिशातच असतो.

मग कर्मचाऱ्याने काय करावे?

बँक, दवाखाना आणि घरगुती बोलणे कंपनीच्या यंत्रावर नको. ते स्वतःच्या फोनवर आणि स्वतःच्या डेटावर करावे. मुलांना तो लॅपटॉप देऊ नये. नेमणूकपत्रासोबतचे संगणक वापराचे धोरण वाचावे आणि नोंदी कुठे व किती दिवस ठेवल्या जातात, हे मनुष्यबळ विभागाला ईमेलवर विचारावे. कामाचे अॅप मोबाइलवर घ्यावेच लागले तर अँड्रॉइडमधील वेगळे ‘वर्क प्रोफाइल’ मागावे. त्यात खासगी अॅप्सचा डेटा कंपनीपासून वेगळा राहतो.

पण सगळा भार कर्मचाऱ्यावर टाकून हा प्रश्न सुटणार नाही. ग्राहकांचा डेटा आणि व्यवसायाची गुपिते जपण्यासाठी कंपनीने लक्ष ठेवणे रास्तच आहे. ते न सांगता ठेवणे रास्त नाही. घरात एकच लॅपटॉप असलेल्या विंझरच्या कुटुंबाला तो पाहतो आहे, हे निदान माहीत असायला हवे. त्यासाठी केंद्राने नोकरीच्या अपवादाला लेखी पूर्वसूचनेची अट जोडावी. राज्य सरकारला तेवढी वाट पाहण्याचीही गरज नाही. कोणते अॅप काय नोंदवते आणि ड्युटीनंतर ते बंद होते का, हे आपल्या कर्मचाऱ्यांना मराठीत सांगणारा एक शासन निर्णय काढणे त्याच्या हातात आहे.