विश्लेषण : विश्वातील पहिले तारे नेमके कधी पेटले?

विश्वाचे वय सुमारे १३८० कोटी वर्षे. त्यातला पहिला तारा कधी पेटला, याचा थेट पुरावा सापडल्याचा दावा २०१८ मध्ये झाला आणि जगभर गाजला. चार वर्षांनी कर्नाटकातील पाण्यावर तरंगणाऱ्या एका अँटेनाने त्या दाव्याला धक्का दिला.

ताऱ्यांआधी काय होते?

महास्फोटानंतर सुमारे ३ लाख ८० हजार वर्षांनी विश्व थंड होऊन अणू तयार झाले. प्रकाशाला वाट मोकळी झाली, पण नवा प्रकाश देणारे काही नव्हतेच. होता तो फक्त वायू : वजनाने सुमारे ७५ टक्के हायड्रोजन, उरलेला जवळजवळ सगळा हेलियम. तारा जन्मायचा तर वायूचा ढग आकसावा लागतो आणि आकसताना तापलेल्या ढगाला उष्णता बाहेर टाकावी लागते. आज हे काम कार्बन, ऑक्सिजन आणि धूलिकण करतात. तेव्हा ते नव्हते; हायड्रोजनचे रेणूच ते कसेबसे करत. त्यामुळे ढगांचे लहान तुकडे सहसा पडले नाहीत आणि पहिले तारे सूर्याच्या दहापट ते शेकडोपट वस्तुमानाचे असावेत, असे संगणकीय प्रारूपे सांगतात. इतके अवजड तारे अवघ्या काही दशलक्ष वर्षांत संपतात. म्हणूनच एकेकटा तारा शोधणे जवळपास अशक्य.

मग शोध कसा घेतात?

ताऱ्याऐवजी त्याच्या भोवतालच्या हायड्रोजनकडे पाहून. हा वायू २१ सेंटिमीटर लांबीची रेडिओ लहर शोषतो. पहिल्या ताऱ्यांच्या अतिनील प्रकाशाने हे शोषण सुरू झाले. विश्व प्रसरण पावल्याने ती लहर आज काही मीटर लांब झाली आहे. ऑस्ट्रेलियातील ‘एजेस’ प्रयोगाला ७८ मेगाहर्ट्झजवळ असा खळगा दिसला. अर्थ असा की, महास्फोटानंतर १८ कोटी वर्षांनी तारे होते. पण खळगा अपेक्षेच्या किमान दुप्पट खोल निघाला. वायू इतका थंड कसा? कृष्णद्रव्याने त्याची उष्णता काढून घेतली असावी, असेही सुचवले गेले. म्हणजे भौतिकशास्त्राची पुस्तके बदलायची वेळ!

तलावावरचा अँटेना कशासाठी?

आकाशगंगेचा रेडिओ गोंगाट या संकेताच्या हजारोपट प्रबळ असतो. त्यात अँटेनाखालच्या जमिनीचे थर आणि ओलावा लहरी परावर्तित करून मोजमाप बिघडवतात. पाणी मात्र सर्वत्र एकसारखे. म्हणून बेंगळूरुच्या रामन संशोधन संस्थेने २०२० मध्ये आपला ‘सारस-३’ हा अँटेना तराफ्यावर ठेवला, दंडिगनहळ्ळीच्या तलावात आणि शरावतीच्या फुगवट्यात. तो खळगा सापडला नाही. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार, ‘एजेस’चा संकेत आकाशातून आल्याची शक्यता ९५.३ टक्के विश्वासार्हतेने फेटाळली गेली. त्या काळात तारे नव्हते, असे मात्र ‘सारस’ म्हणत नाही. त्याने फक्त तो पुरावा बाद ठरवला. प्रसिद्धी दाव्याला मिळते, फेरतपासणीला नाही. विज्ञानाचा गाडा मात्र दुसरीवरच चालतो.

वेब दुर्बिणीने काय दाखवले?

२०२५ मध्ये जाहीर झालेली ‘मॉम-झेड१४’ ही दीर्घिका महास्फोटानंतर केवळ २८ कोटी वर्षांनी चमकत होती. त्याच वर्षी चिलीतील ‘अल्मा’ दुर्बीण-समूहाला जवळपास तितक्याच जुन्या ‘जेड्स-जीएस-झेड१४-०’मध्ये ऑक्सिजन सापडला. ऑक्सिजन ताऱ्यांच्या पोटातच घडतो. तेव्हा ताऱ्यांची किमान एक पिढी त्याआधीच जगून मेली होती. ती किती आधी जन्मली, हे रेडिओ संकेताशिवाय ठरणे कठीण. पण हा संकेत एफएम रेडिओच्या पट्ट्याच्या आसपासच येतो आणि पृथ्वीवर त्या गोंगाटापासून सुटका नाही. म्हणून रामन संशोधन संस्थेने आता ‘प्रत्युष’ हे उपकरण चंद्राभोवतीच्या कक्षेत पाठवण्याचा प्रस्ताव मांडला आहे. चंद्राच्या पलीकडच्या बाजूला गेल्यावर पृथ्वीवरची रेडिओ केंद्रे ऐकू येत नाहीत.