माल गोदामात, पावती हातात

मानवतची ओळख कापसाच्या बाजारपेठेची. या पेठेतील व्यवहारात आता मोबाईलच्या कॅमेऱ्यालाही स्थान मिळाले आहे. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीत शेतकरी स्वतः पिकाचे छायाचित्र काढून सातबाऱ्यावरील नोंदीसाठी पाठवतो. व्यापारी पेढ्याही वजनकाट्याच्या चिठ्ठ्या व बिले छायाचित्रासह नोंदवणारी स्वतःची ॲप करून घेऊ लागल्या आहेत.

अशा ॲपमध्ये एक तक्रार वारंवार आढळते. सर्व माहिती भरून कॅमेरा उघडावा, छायाचित्र निघावे आणि परत येताच ॲप पहिल्या पानावर उभे असावे. भरलेले सारे नाहीसे! दोष बहुधा इंटरनेटला दिला जातो. वास्तविक अशा वेळी पुष्कळदा कारण असते ते रॅमच्या टंचाईचे.

कॉर्डोव्हा, आयोनिक यांसारख्या साधनांनी केलेले ‘हायब्रिड’ ॲप म्हणजे ॲपच्या वेष्टनात चालणारे वेबपान. ते बहुधा फोनमधील स्वतंत्र कॅमेरा ॲपला हाक मारते आणि आपण मागे सरते. रॅम अपुरी पडली, तर अँड्रॉइड मागे सरलेल्या ॲपला बंद करते. छायाचित्र तयार होते, पण ते स्वीकारणारा जागेवर नसतो.

दुसरे कारण छायाचित्राचा विस्तार. १२ मेगापिक्सेलचे चित्र साठवणीत चार-पाच एमबीचे दिसले, तरी पडद्यासाठी उलगडताना प्रत्येक बिंदूला साधारण ४ बाइट लागतात. म्हणजे सुमारे ४८ एमबी. त्यातच काही ॲप चित्राचे ‘बेस ६४’ या पद्धतीने अक्षरांत रूपांतर करून ती लांबलचक ओळ रॅममध्ये बाळगतात. त्याने आकार आणखी एक-तृतीयांशाने वाढतो.

उपाय व्यापाऱ्याला परिचित आहे. तारण कर्जात कापसाच्या गाठी कोणी बँकेच्या मेजावर आणून ठेवत नाही. माल गोदामात राहतो, पावती हाती येते. ॲपनेही चित्र फाइलमध्येच ठेवावे आणि फक्त तिचा पत्ता जवळ बाळगावा. चित्राची लांबी-रुंदी निम्मी केली, तर ४८ एमबीचे १२ होतात. चिठ्ठीवरील आकडे वाचण्यास तेवढे सहसा पुरते. कॅमेऱ्याकडे जाण्यापूर्वी भरलेली माहिती फोनच्या साठवणीत लिहून ठेवावी. गादीवरून उठण्यापूर्वी कच्च्या वहीत टिपण करावे, तसेच हे. कॉर्डोव्हात ॲप पुन्हा सुरू झाल्यावर राहून गेलेले चित्र परत मिळण्याची सोय आहे. ती वापरली आहे का, हे ॲप करणाऱ्यास जरूर विचारावे. अँड्रॉइडच्या डेव्हलपर पर्यायांत मागे गेलेला पडदा लगेच बंद करणारी कळ असते. ती चालू ठेवून घेतलेली चाचणी ॲप उत्तीर्ण झाले, तरच पैसे चुकते करावेत.

वापरणाऱ्यानेही इतर ॲप बंद करावीत, कॅमेऱ्याचे रिझोल्यूशन कमी ठेवावे आणि एकेक छायाचित्र पाठवून मगच पुढचे काढावे.

श्रावकाच्या व्रतांत परिग्रह-परिमाण सांगितले आहे: आपल्याजवळ किती ठेवायचे, याची मर्यादा आधीच आखून घ्यावी. चार-पाच हजारांच्या फोनवर शेतकऱ्याची नोंद सुरक्षित राहावी असे वाटत असेल, तर ॲप बांधणाऱ्यानेही हे परिमाण पाळले पाहिजे.