ही विद्या कोणत्या विषयात मोडते?

द्वितीय वर्ष, कला

शिकलेला माणूस कोण, असे कोणी विचारले तर आपण चटकन उत्तर देतो : ज्याने पुस्तके वाचली, परीक्षा दिल्या, पदवी घेतली तो. या व्याख्येत माझे वडील बसत नाहीत. ते चौथीपर्यंत शिकले. आमच्या घराण्यात महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिलीच. त्यामुळे घरी येणारा-जाणारा म्हणतो, "आता तुमच्या घरात विद्या आली." हे ऐकून मला बरे वाटायला हवे, पण अलीकडे ते खटकते. विद्या आमच्या घरात आधीपासून होती. तिला विषयाचे नाव नव्हते आणि तिची परीक्षा विद्यापीठ घेत नव्हते, एवढेच. हे मी एका अगदी रुक्ष वाटणाऱ्या वस्तूच्या आधाराने सांगणार आहे. ती वस्तू म्हणजे लाकूड कापायची, पेट्रोलवर चालणारी साखळीची करवत. आमच्याकडे तिला सगळे 'कटर' म्हणतात.

३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. श्रीवर्धन-दिवेआगरच्या पट्ट्यातल्या नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या. आजोबा-पणजोबांनी लावलेले आंबे-फणस मुळासकट उपटून घरांवर, तारांवर आणि रस्त्यांवर पडले. कुऱ्हाड आणि हातकरवत घेऊन एक जुना आंबा बाजूला करायला दोन माणसांचे दिवसच्या दिवस जात होते. पुढच्या वर्षी मे महिन्यात 'तौक्ते' किनाऱ्याजवळून गेले. त्यानंतर आमच्या भागात घरोघरी नाही, तरी आळीआळीत एखादा कटर दिसू लागला. आमच्या घरीही आला.

मशीन आली, पण तिची निगा राखण्याची विद्या तिच्याबरोबर आली नाही. खोक्यात जी पुस्तिका होती ती इंग्रजीत होती. वडिलांनी ती प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून देव्हाऱ्याच्या फळीवर जपून ठेवली, कारण ती वाचण्याची वस्तू नसून पावतीसारखी जपण्याची वस्तू आहे असेच त्यांना वाटले. एका पावसाळ्यानंतर मशीन सुरू होईना. तालुक्याच्या गावी एका दुरुस्तीच्या दुकानात नेली, तर "कार्बोरेटर गेला, नवा टाकावा लागेल" असे सांगून आमच्या आठ दिवसांच्या मजुरीएवढा खर्च सांगितला. वडिलांनी मशीन परत आणली, अंगणात पोते अंथरून उघडली आणि पाहिले, तर हवेच्या फिल्टरवर भुशाचा आणि तेलाचा लगदा बसलेला. तो साबणाच्या कोमट पाण्यात धुऊन, पूर्ण वाळवून बसवला, टाकीतले जुने पेट्रोल बदलले, आणि मशीन चालू झाली.

हा योगायोग होता का? मुळीच नाही. पहिल्या वर्षी आम्हांला तर्कशास्त्र होते. मिलने १८४३ साली आपल्या ग्रंथात कारण शोधण्याच्या ज्या पद्धती मांडल्या, त्यांतली व्यतिरेक पद्धती आम्ही परीक्षेसाठी पाठ केली. बाकी सर्व परिस्थिती सारखी ठेवून एकच गोष्ट बदलावी; परिणाम बदलला तर त्या गोष्टीत कारण आहे. माझे वडील हेच करतात. इंजिनाला तीन गोष्टी लागतात : पेट्रोल, ठिणगी आणि हवा. मशीन सुरू होत नसेल तर या तिघांपैकी एक रुसलेले असते. ते प्रथम प्लग काढून पाहतात. प्लग पेट्रोलने ओला असेल तर पेट्रोल गरजेपेक्षा जास्त आले आहे. अशा वेळी स्विच बंद ठेवून, आसपास विडी-काडी नाही याची खात्री करून, चोक न लावता दोरी सात-आठ वेळा ओढायची, म्हणजे आतले पेट्रोल बाहेर पडते; मग प्लग पुसून बसवायचा. प्लग कोरडा ठणठणीत असेल तर पेट्रोल पोचतच नाही. मग टाकीतला छोटा फिल्टर, नळी आणि सर्वांत शेवटी कार्बोरेटर. प्लग काळाकुट्ट असेल तर तो घासून त्याची फट पाहायची. ती साधारण अर्धा मिलिमीटर असावी. तरी शंका उरली तर चालू मशीनचा प्लग यात घालून पाहायचा. एका वेळी एकच बदल! ज्या पद्धतीवर मी दहा गुणांचे उत्तर लिहिले, ती माझ्या वडिलांच्या बोटांत होती.

पण मित्रहो, येथे मी एक बाजू सांगून थांबणार नाही. 'अनुभव हाच गुरू' असे म्हणून पुस्तकाला नावे ठेवण्याची आपल्याकडे एक पद्धत आहे. तीही मला मान्य नाही. अनुभवाच्या विद्येलाही भोके असतात. आमच्या आळीत सर्वजण साखळीच्या तेलाच्या टाकीत गाडीचे जळके ऑइल घालत. फुकट मिळते, काळे असले तरी तेलच ना! मी पुस्तिका शब्दकोश घेऊन वाचली तेव्हा कळले की ते घालूच नये. त्यात झिजलेल्या धातूचा कीस असतो. तो पात्याच्या खाचेत जाऊन खाच आणि साखळी दोन्ही खातो. वडिलांनी ते ऐकले, जुने पाते हातात घेतले, खाचेवरून नख फिरवले आणि म्हणाले, "म्हणूनच एका बाजूने झिजलंय." मग पात्याची बाजू दर काही दिवसांनी उलटी करायची, म्हणजे झीज दोन्ही कडांवर सारखी पडते, हेही आम्ही त्याच पुस्तिकेतून घेतले. तेल येते की नाही हे पाहायला पात्याचे टोक एखाद्या पुठ्ठ्यासमोर, त्याला न टेकवता, धरायचे आणि रेस द्यायची. पुठ्ठ्यावर तेलाची रेघ उमटली पाहिजे.

पेट्रोलचेही तसेच. या इंजिनाला वेगळे वंगण नसते. पेट्रोलमध्ये मिसळलेले टू-टी ऑइलच पिस्टनला वंगण देते. नुसते पेट्रोल घातले तर इंजिन थोड्याच वेळात जाम होते. 'अंदाजाने घाला' म्हणून जास्त घातले तर धूर होतो आणि प्लगवर काजळी धरते. पुष्कळशा मशीनना पन्नासास एक हे प्रमाण लागते, म्हणजे एक लिटर पेट्रोलला वीस मिलिलिटर. काहींना पंचविसास एक, म्हणजे चाळीस मिलिलिटर. आपल्या मशीनचे प्रमाण कोणते, हे पुस्तिकाच सांगते, अंदाज सांगत नाही. शिवाय हल्ली पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. इथेनॉल हवेतली ओल शोषून घेते, आणि कोकणातल्या पावसाळ्यात ओलीला काय तोटा! चार महिने टाकीत पडलेले मिश्रण खराब होते आणि कार्बोरेटरमधल्या पातळ रबरी पडद्यांनाही अपाय करते. म्हणून मशीन ठेवून द्यायच्या आधी टाकी रिकामी करावी, आणि इंजिन सुरू करून ते आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्यावे. एवढे केले असते, तर आमच्या आळीतल्या निम्म्या मशीनना दुरुस्तीचे दुकान पाहावे लागले नसते.

आता धारेविषयी. कटर चांगला चालतो की नाही हे त्याच्या आवाजापेक्षा त्याच्या भुशावरून कळते. धार असेल तर जाडसर, ढलप्यांसारखा भुसा पडतो. साखळी बोथट झाली की पिठासारखी भुकटी पडते, आणि माणूस मशीनवर अंगाचा भार टाकू लागतो. तेथूनच पाते तापते, इंजिन दमते आणि अपघात जवळ येतो. साखळीला गोल कानसेने धार लावतात. कानसेची जाडी साखळीच्या मापाप्रमाणे घ्यावी लागते. घरगुती मशीनला बहुधा ४ किंवा ४.८ मिलिमीटरची चालते. प्रत्येक दाताला सारखेच हात मारायचे, आतून बाहेर एकाच दिशेने, साधारण तीस अंशांच्या कोनात. डाव्या बाजूचे दात लांब आणि उजव्या बाजूचे आखूड झाले तर काप वाकडा जातो. रविवारी सकाळी हे काम मी करते. ओटीवर बसलेल्या मुलीच्या हातात कानस पाहून काहीजण थबकतात; पण दात सारखे घासायला जी सवय लागते, ती रांगोळीचे ठिपके सारखे टाकणाऱ्या हाताला नवी नाही.

या दातांची गोष्टही आपल्या सर्वांनी ऐकण्याजोगी आहे. अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात जोसेफ कॉक्स नावाचा एक लाकूडतोड्या होता. त्या काळच्या साखळ्यांना वारंवार धार लावण्यात फार वेळ जाई. १९४६ साली त्याने एका ओंडक्यात लाकूड पोखरणारी भुंगेऱ्याची अळी पाहिली. ती आपल्या वाकड्या जबड्यांनी डावी-उजवीकडे लाकूड कुरतडत सहज पुढे जात होती. तिच्या जबड्यासारखा दात त्याने साखळीला दिला आणि १९४७ साली ती साखळी बाजारात आणली. आजच्या कटरच्या साखळीची मूळ रचना तीच आहे. जंगलात राबणाऱ्या माणसाने अळीकडून शिकलेला हा धडा जगभर पोचला, कारण तो त्याच्या डोक्यात राहिला नाही. त्याचे रेखाटन झाले, त्याची नोंद झाली.

आमच्याकडे नेमके हेच होत नाही, आणि त्याची किंमत केवळ पैशांत मोजता येत नाही. पात्याच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला टेकला की मशीन क्षणार्धात उसळून अंगावर येते. याच उसळीसाठी पुढच्या मुठीजवळ ब्रेक दिलेला असतो. तो काम करतो का, हे रोज सुरुवातीलाच पाहायचे असते. मशीन खांद्याच्या वर उचलून कापायचे नसते. रेस सोडल्यावर साखळी थांबलीच पाहिजे. फिरत राहिली तर आधी ती दुरुस्ती, मग काम. साखळीचा ताण पाहायचा तो मशीन बंद आणि थंड असताना : साखळी पात्याला खालून चिकटून असावी, पण हातमोजा घालून ओढली तर सरकावी. हे सारे पुस्तिकेत चित्रांसह आहे. आणि आमच्याकडे माणसे लुंगी नेसून, पायात स्लीपर घालून, झाडावर चढून कटर चालवतात. शेजारच्या वाडीतल्या एका तरुणाच्या मांडीला टाके पडले, तेव्हा लोक म्हणाले, "नशीब!" मी म्हणते, ब्रेक कशासाठी आहे हे त्याला त्याच्या भाषेत कोणी सांगितलेच नव्हते. त्याला नशीब का म्हणायचे?

काही वाचक म्हणतील, हा विषय आय.टी.आय.चा आहे, कला शाखेच्या वार्षिकात याचे काय काम? माझे उत्तर असे की इंजिन बनवणे हा त्यांचा विषय असेल. पण एका भाषेतले उपयोगी ज्ञान दुसऱ्या भाषेत, सामान्य माणसाला कळेल अशा शब्दांत आणणे हा भाषा शिकणाऱ्यांचा विषय नाही तर कोणाचा? दुसरा आक्षेप येईल की मी वृक्षतोडीची तरफदारी करते. तसे नाही. उभे झाड तोडण्यावर महाराष्ट्रात १९६४ पासून कायद्याचे नियंत्रण आहे आणि ते असलेच पाहिजे. मी बोलते आहे ते वादळाने पाडलेल्या झाडांविषयी, घरावर वाकलेल्या फांदीविषयी आणि वर्षाच्या सरपणाविषयी.

म्हणून माझी एक साधी सूचना आहे. आपल्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात आपण रस्ते झाडतो, बंधारे घालतो, व्याख्याने ऐकतो. त्यातला एक दिवस गावातल्या मशीनसाठी द्यावा. कटर, फवारणीचा पंप, गवत कापायची मशीन जे असेल ते लोकांनी घेऊन यावे. गावातल्या जाणत्या फिटरने आणि शेतकऱ्याने ती उघडून दाखवावी. आपण शेजारी बसून ते काय करतात ते लिहून घ्यावे, पुस्तिकेशी ताडून पाहावे, आणि मराठी विभागाच्या प्राध्यापकांच्या नजरेखालून घालून सोळा पानांची एक सचित्र पुस्तिका तयार करावी. तिच्यात 'ल्युब्रिकेशन' ऐवजी 'वंगण' असेल, आणि जिथे लोक 'प्लग' म्हणतात तिथे 'प्लग'च असेल. ग्रंथालयात तिची एक प्रत राहील, आणि बाकीच्या गावांत जातील.

आमच्यासारख्या पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्यांवर हे काम विशेष करून येते, कारण पुस्तिका आणि पोते, दोन्हींच्या जवळ आम्हीच बसलेलो आहोत. ही विद्या कोणत्या विषयात मोडते ते विद्यापीठाने सावकाश ठरवावे. पुढचा पावसाळा मात्र त्यासाठी थांबणार नाही.