"नुकसान तर काही नाही ना!"

साठी उलटलेल्या बऱ्याच काका-मामांच्या टेबलावर हल्ली एक डबी असते. 'प्रोस्टेटसाठी'. मागे बारीक अक्षरात सेलेनियम, झिंक, ई जीवनसत्त्व वगैरे. का घेता विचारलं तर उत्तर ठरलेलं: "अरे, व्हिटॅमिनंच तर आहेत. झाला तर फायदा, नुकसान तर काही नाही ना!"

माझं भांडण या शेवटच्या वाक्याशी आहे. कारण ते साफ चूक आहे.

मुळात हे वेड आलं कुठून? १९९६ साली अमेरिकेत लॅरी क्लार्क आणि सहकाऱ्यांनी १३१२ रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. रोज २०० मायक्रोग्रॅम सेलेनियमने त्वचेचा कॅन्सर टळतो का, हा प्रश्न होता. तो टळला नाही. पण प्रोस्टेटचा कॅन्सर मात्र जवळजवळ दोन तृतीयांशाने कमी दिसला. झालं! गोळ्यांचा बाजार तेजीत. पुढे कळलं की फायदा मुख्यतः ज्यांच्या रक्तात सेलेनियम मुळातच कमी होतं त्यांना झाला होता. पण इतकं बारीक वाचतंय कोण?

मग २००१ मध्ये 'सिलेक्ट' ही मोठी चाचणी सुरू झाली. ३५,५३३ पुरुष. कुणाला सेलेनियम, कुणाला ई जीवनसत्त्व, कुणाला दोन्ही, कुणाला नुसतीच बिनऔषधाची गोळी. फायदा दिसेना, म्हणून २००८ मध्ये गोळ्या बंद केल्या. २०११ मध्ये पाहिलं तर नुसतं ई घेणाऱ्यांत प्रोस्टेटचा कॅन्सर १७ टक्क्यांनी जास्त! २०१४ मध्ये याच लोकांची सुरुवातीला जपून ठेवलेली पायाची नखं (हो, नखंच!) तपासून काढलेला निष्कर्ष आला. ज्यांच्या नखांत सेलेनियम आधीच भरपूर होतं, त्यांच्यात सेलेनियमच्या गोळीने आक्रमक कॅन्सरचा धोका ९१ टक्क्यांनी वाढला होता. आणि ज्यांच्यात कमी होतं, त्यांनाही फायदा नाहीच.

यात जनुकांचा गुंता वेगळाच. आपल्या पेशींत मँगनीज वापरून काम करणारं एक एन्झाईम असतं. त्याच्या जनुकात माणसागणिक एका अक्षराचा फरक असतो. २००९ च्या एका अभ्यासात प्रोस्टेट कॅन्सरच्या रुग्णांत असं दिसलं, की एका प्रकारचं जनुक असलेल्यांच्या रक्तात सेलेनियम जास्त असेल तर रोग सौम्य असण्याकडे कल, आणि दुसऱ्या प्रकारात नेमकं उलट. तेच मूलद्रव्य, बाटली तीच, माणूस वेगळा! (लगेच कुणी जनुकं तपासायला धावू नका. एवढ्यावरून कुणी गोळी लिहून द्यावी इतका हा पुरावा पक्का नाही. 'तुमच्या डीएनएप्रमाणे' गोळ्या विकणाऱ्यांना हे तुम्हीच सांगा.)

"पण आपल्या मातीत सत्त्व कुठे राहिलंय?" हा पुढचा डायलॉग. मातीचं म्हणाल तर पंजाबात होशियारपूर-नवांशहर पट्ट्यात सेलेनियम इतकं आहे की तिथल्या जनावरांना त्याची विषबाधा होते. २०२४-२५ च्या हिवाळ्यात बुलढाण्यातल्या गावांत लोकांचे केस अचानक गळू लागले, तेव्हा डॉ. हिंमतराव बावस्करांनी लोकांच्या शरीरात वाढलेलं सेलेनियम दाखवून रेशनच्या गव्हाकडे बोट दाखवलं होतं. म्हणजे कुणाच्या पोटात किती आधीच जातंय, हे डबीवर छापलेलं नसतं.

ज्यांना हा आजार झालेलाच आहे, त्यांच्यासाठी तर हा नुसता वादाचा विषय नाही. २०१५ च्या एका अभ्यासात, निदानानंतर गोळ्यांतून रोज १४० मायक्रोग्रॅम किंवा जास्त सेलेनियम घेणाऱ्यांत या कॅन्सरने मरण्याचं प्रमाण न घेणाऱ्यांच्या अडीच पटींहून जास्त आढळलं. गोळीनेच मारलं असं यातून सिद्ध होत नाही, मान्य. पण "नुकसान काही नाही" असं छातीठोक म्हणायची सोयही उरत नाही.

तेव्हा नातेवाईक मंडळी, परदेशातून येताना काकांसाठी ती बाटली आणू नका. द्यायचंच असेल तर त्यांना मूत्ररोगतज्ज्ञाकडे सोबत घेऊन जा. आणि डबी आधीच घरात असेल, तर तीही पिशवीत टाका. डॉक्टरांना दाखवायला.