डोंगरवाट कोणाची?

डोंगर चढणे हा सुखवस्तूंचा छंद आहे, अशी समजूत आपल्या चळवळीत खोलवर रुजली आहे. ज्याच्या डोक्यावर आधीच ओझे आहे त्याला पाठपिशवीचे कौतुक कसले, असा सवाल केला जातो. सवाल बिनतोड वाटतो. परंतु त्यामुळे एक मोठे सार्वजनिक क्षेत्र आपण होऊन धनिकांच्या स्वाधीन केले जाते, याचे भान राहत नाही.

छत्रपती संभाजीनगरच्या उत्तरेस पसरलेल्या अजिंठा डोंगररांगेचे उदाहरण घ्यावे. तापी आणि गोदावरी यांच्या खोऱ्यांना विभागणारी ही रांग आहे. अजिंठ्याच्या लेण्यांखालून वाहणारी वाघूर तापीला मिळते. शिवना आणि पूर्णा गोदावरीकडे वळतात. अजिंठ्यापासून वेताळवाडी, जंजाळा, सुतोंडा, अंतूर हे किल्ले आणि गौताळ्याचे अरण्य जोडीत पितळखोऱ्यापर्यंत अनेक दिवसांची सलग पायवाट आखता येण्याजोगी आहे. ती आखली जावी, अशी मागणी चळवळीनेच केली पाहिजे.

या डोंगराशी श्रमिकांचे नाते आजचे नाही. पितळखोऱ्याची लेणी इसवी सन पूर्व दुसऱ्या-पहिल्या शतकांतील. तेथील शिलालेखांत पैठणच्या गंधी कुटुंबातील दात्याचे नाव आहे आणि एका यक्षमूर्तीवर ती घडविणाऱ्या कण्हदास सोनाराचेही. पैठणहून उत्तरेकडे जाणारे व्यापारी हेच घाट ओलांडीत. ज्यांच्या पायांनी या वाटा मळल्या त्यांची नावे मात्र कोठेही कोरलेली नाहीत.

इंग्लंडमधील कामगारांनी हा प्रश्न फार पूर्वी हाती घेतला. जमीनदारांच्या शिकारीसाठी राखून ठेवलेल्या किंडर स्काउट या पठारावर २४ एप्रिल १९३२ रोजी शेकडो तरुण कामगार बंदी मोडून चढले. त्यांपैकी पाच जणांना तुरुंगवास झाला. १९४९ मध्ये मजूर पक्षाच्या सरकारने डोंगर-माळांवरील प्रवेशासंबंधी कायदा केला आणि १९६५ मध्ये त्याच भागातून जाणारी सुमारे ४३० किलोमीटरची ‘पेनाइन वे’ ही वाट जनतेस खुली झाली. आठवडाभर कारखान्यात राबणाऱ्याला मोकळ्या हवेचा हक्क आहे, हे तत्त्व तेथे लढून मिळविले गेले. वाळूज आणि चिकलठाण्याच्या कामगाराला तो हक्क नको आहे काय?

अर्थात येथील परिस्थिती वेगळी आहे. किंडरच्या पठारावर शिकारीचे पक्षी होते. अजिंठ्याच्या रांगेत भिल्ल, ठाकर, बंजारा यांच्या वाड्या आणि तांडे आहेत. दसरा उलटला की यांतील अनेक कुटुंबे ऊसतोडीसाठी बिऱ्हाड पाठीवर घेऊन निघतात. लांब पल्ल्याची खरी पायपीट तीच, आणि तिला कोणी साहस म्हणत नाही. गौताळा औट्रमघाट अभयारण्य १९८६ मध्ये घोषित झाले, तेव्हापासून गुरे चारण्याचा आणि सरपणाचा प्रश्न कायद्याच्या कचाट्यात सापडला. गावकऱ्याच्या गुरांना बंदी आणि शहरी प्रवाशाला मात्र मुक्तद्वार, अशी वाट होणार असेल तर तिला विरोधच केला पाहिजे.

म्हणून मागणी अटींसह करावी लागेल. २००६ च्या वनहक्क कायद्यानुसार सामूहिक हक्कांचे दावे आधी निकाली निघावेत. वाटेची आखणी ग्रामसभांच्या संमतीने व्हावी. वाट बांधणे, पाण्याची टाकी उपसणे, मुक्कामाची व्यवस्था ही कामे स्थानिकांना रास्त मजुरीने मिळावीत. रोजगार हमीचा कायदा १९७७ मध्ये करणाऱ्या राज्याला हे अशक्य नाही. ऐन ऊसतोडीचा हंगाम हाच चालण्याचाही हंगाम असतो, ही गोष्ट येथे महत्त्वाची आहे. त्या काळात गावात काम मिळाले तर काही बिऱ्हाडे तरी गावीच राहतील.

पायी चालण्यातून राजकीय शिक्षणही घडते. १९८७ च्या नोव्हेंबरमध्ये नवापूर आणि कन्याकुमारी येथून निघालेल्या ‘पश्चिम घाट बचाव’ पदयात्रेच्या दोन तुकड्या १९८८ च्या फेब्रुवारीत गोव्यात एकत्र आल्या. जंगलतोड आणि विस्थापन हे शब्द त्या वाटेवर गावोगावच्या माणसांच्या तोंडून ऐकू आले. मराठवाड्यातील कार्यकर्त्यांनी एका हिवाळ्यात अजिंठ्याची रांग अशीच पायाखाली घालावी, तांड्यांवर मुक्काम करावा, आणि वाटेचा आराखडा तेथील लोकांबरोबर बसून तयार करावा. मग रिसॉर्टवाल्यांचा आराखडा येईल तेव्हा लोकांच्या हाती स्वतःचा आराखडा तयार असेल.