कमी वजनाच्या बाळाची साखर तपासली का, हे विचारलेच पाहिजे

साखरेचा आजार म्हटला की आपल्या वस्तीत डोळ्यांसमोर येतात ती पन्नाशीची माणसे, गोळ्या आणि बिनसाखरेचा चहा. पण नुकत्याच जन्मलेल्या बाळाचीही साखर पाहावी लागते. मोठ्यांमध्ये ती वाढण्याची भीती, तर बाळामध्ये ती उतरण्याची. ही गोष्ट बहुतेक घरांना कोणी सांगितलेलीच नसते. वजनाचा आकडा आपण नातेवाइकांना फोन करून कळवतो, साखरेचा आकडा मात्र विचारतही नाही. माझे म्हणणे असे की बाळ अडीच किलोच्या खाली असेल, तर तो आकडा मागून घेणे हा आईचा हक्क आहे आणि तो सांगणे हे दवाखान्याचे कर्तव्य आहे.

कारण समजून घेऊ. पोटात असताना बाळाला नाळेतून आईची साखर अखंड मिळत असते. नाळ कापली की तो पुरवठा एका क्षणात बंद होतो. मग आईचे दूध मिळेपर्यंत बाळ स्वतःच्या यकृतातल्या साठ्यावर जगते. हा साठा आणि अंगावरची चरबी मुख्यतः शेवटच्या तीन महिन्यांत जमा होते. जे बाळ लवकर जन्मले किंवा पोटातच नीट पोसले गेले नाही, त्याची ही शिदोरी तोकडी असते. त्यातच शरीराच्या मानाने बाळाचा मेंदू मोठा असतो आणि त्याला साखर सतत लागते. बाळ गार पडले, तर ऊब राखण्यासाठी आणखी साखर जळते. जन्मानंतर पहिल्या एक-दोन तासांत साखर सर्वांत खाली जाते. निरोगी बाळ त्यातून आपोआप सावरते, अशक्त बाळाला मदत लागते. साखर फार उतरली आणि तशीच राहिली, तर मेंदूला इजा होऊ शकते.

लक्षणे कोणती? बाळ सुस्त पडते, दूध ओढत नाही, रडणे क्षीण होते, हातपाय थरथरतात, अंग गार किंवा निळसर होते, श्वास अडखळतो, झटके येतात. पण कित्येक बाळांमध्ये यातले काहीच दिसत नाही. 'शांत बाळ आहे, नुसतं झोपतंय' असे म्हणून घरचे समाधान मानतात. म्हणूनच लक्षणांची वाट पाहायची नसते, टाचेतून रक्ताचा थेंब घेऊन तपासणी करायची असते. पहिल्या दोन तासांत एकदा आणि पुढे दोन-तीन दिवस ठराविक अंतराने. आकडा साधारण ४०-४५ च्या खाली असेल, तर डॉक्टर लगेच उपाय सुरू करतात. आईला मधुमेह असेल, तर बाळ अंगाने चांगले असले तरी त्याचीही तपासणी हवीच.

साखर कमी म्हणजे साखरपाणी पाजा, असे कोणालाही वाटेल. ते चूक आहे. साखरपाण्याने इवलेसे पोट भरते, बाळ दूध पीत नाही आणि थोड्या वेळाने साखर पुन्हा उतरते. आईच्या दुधात साखरेबरोबर चरबी आणि प्रथिनेही असतात, त्यामुळे ते टिकून राहते. जन्मल्यावर तासाभरात बाळाला छातीशी लावा. पहिला पिवळसर चीक 'जड असतो' म्हणून पिळून टाकू नका. प्रमाणाने थोडा असला तरी या बाळाला तोच पुरतो. ओढण्याची ताकद नसेल, तर दूध हाताने काढून स्वच्छ वाटी-चमच्याने, दर दोन तासांनी पाजा. रात्रीही झोपेतून उठवून पाजा. मध, गूळपाणी, घुटी काही नको. मधातून तान्ह्या बाळाला गंभीर विषबाधा होऊ शकते. बाळाला आईच्या उघड्या छातीवर, टोपी-मोजे घालून, दिवसातला जास्तीत जास्त वेळ ठेवा. आजी-बाबांनीही असे धरले तरी चालते.

आता दवाखान्याविषयी. नॉर्मल बाळंतपणातही ४८ तास थांबायचे असते. पण खाटा कमी आणि घरी दुसरी लेकरे, म्हणून बाई दुसऱ्याच दिवशी निघते. कमी वजनाच्या बाळाला, एकदाही साखर न पाहता, चोवीस तासांच्या आत घरी पाठवलेले मी अनेकदा पाहिले आहे. विचारले तर उत्तर येते, 'पट्ट्या संपल्यात.' मोठ्या यंत्राची गोष्ट असती तर समजलो असतो. ज्या यंत्रावर आपल्या आजोबांची साखर तपासतात, तसलेच छोटे यंत्र आणि एक पट्टी एवढाच हा खर्च आहे. माझी मागणी साधी आहे: अडीच किलोखालच्या प्रत्येक बाळाच्या डिस्चार्ज कार्डावर वजनाशेजारी साखरेचे आकडे लिहिलेले असावेत. बाळ १८०० ग्रॅमच्या खाली असेल, तर त्याला सरकारी नवजात कक्षात दाखल करण्याचा नियम आहे. २०११ पासूनच्या जननी-शिशू सुरक्षा कार्यक्रमात आजारी नवजाताचे सरकारी उपचार, औषधे आणि गाडी मोफत आहे. पैसे मागितले तर देऊ नका, लेखी मागा.

पण मुळात आपली बाळे लहान का जन्मतात? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या वजन नोंदलेल्या बाळांपैकी १०० मागे सुमारे १८ बाळे अडीच किलोखाली होती. रक्त कमी असलेली, सर्वांत शेवटी जेवणारी, लहान वयात लग्न झालेली, नवव्या महिन्यापर्यंत धुणीभांडी करणारी आई बाळाला शिदोरी कुठून देणार? १९२८ साली मुंबई विधिमंडळात बाबासाहेबांनी प्रसूती लाभाच्या विधेयकाला पाठिंबा दिला. बाळंतपणाआधी आणि नंतर आईला विसावा मिळणे देशाच्या हिताचे आहे आणि त्याचा बराचसा भार सरकारने उचलावा, अशी त्यांची भूमिका होती. पुढच्याच वर्षी मुंबई प्रांतात तो कायदा झाला. आजही घरकाम करणाऱ्या बाईला पगारी प्रसूती रजा मिळत नाही. ही लढाई अजून आपल्यालाच लढायची आहे.

तोवर महिला मंडळाने एवढे करावे. वस्तीत सातवा महिना लागलेल्या प्रत्येक सुनेचे नाव लिहून ठेवावे. बाळंतपणाला सोबत जाणाऱ्या बाईने तीन प्रश्न पाठ करावेत: वजन किती, पहिले दूध कधी दिले, साखर किती आली? घरी आल्यावर आशाताई तिसऱ्या दिवसापासून भेटीला येतात. त्या आल्या नाहीत तर बोलावून आणावे. बाळ सुस्त वाटले किंवा दूध पिईना, तर सकाळची वाट न पाहता १०८ ला फोन करावा, आणि वाटेत बाळाला छातीशी धरून दूध देत राहावे. बाळ गिळत नसेल किंवा झटके येत असतील, तर मात्र तोंडात काही घालू नये, फक्त उबेत ठेवून न्यावे.